शिष्य, सखा आणि चरणरज : रेव्हरंड टिळकांच्या एका पदाचा भाषिक विचार

मराठी ख्रिस्ती पदांची चर्चा निघाली की वेषाचे रूपक हटकून पुढे येते. आशय परका आणि वेष देशी, असे त्या रूपकाचे सार असते. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्या पदांचा गौरव करणारा म्हणतो की, त्यांनी ख्रिस्ताला मराठी अंगरखा घातला. त्यांच्याविषयी साशंक असणारा म्हणतो की, त्यांनी परक्या उपास्याला वारकऱ्याचे सोंग दिले. मते परस्परविरुद्ध असली तरी दोहोंचा पाया एकच आहे. भाषा हे आशयावर चढविलेले वस्त्र असून ते उतरविले तरी आतले शरीर जसेच्या तसे राहते, अशी ती समजूत होय. ही समजूत भाषाशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकते, हे एका पदाच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विचारासाठी घेतलेले पद टिळकांचे आहे. परंतु मराठीबाहेर ते ज्या रूपात पसरले ते रूप निकोल मॅक्निकल ह्या स्कॉटिश मिशनऱ्याने इंग्रजीत सिद्ध केले. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांसाठी १९२७ साली सुधारून काढलेल्या स्कॉटलंडच्या गीतसंग्रहात त्याला स्थान मिळाले. जो शिष्य होण्यासही पात्र नाही त्याला प्रभूने सखा म्हटले, हे त्या पदाचे बीज. ह्या पदाचे कर्तृत्व असे दुहेरी आहे, आणि म्हणूनच ते वरील समजुतीची परीक्षा घेण्यास सोयीचे आहे. भाषा हे केवळ वस्त्र असेल, तर भाषांतरात ते उतरले पाहिजे आणि इंग्रजी रूपात मराठीचे काहीही शिल्लक राहता कामा नये. उलट ते इंग्रजी रूप मराठी कानाने वाचले असता पदोपदी मराठीचा बोल उमटत असेल, तर वस्त्राचे रूपकच टाकून द्यावे लागेल.

ह्या परीक्षेला यवतमाळ जिल्ह्याची पार्श्वभूमी विशेष उपकारक आहे. फ्री मेथॉडिस्ट मिशनच्या कार्याचे यवतमाळ हे एक प्रमुख केंद्र होते. १९५३ साली येथेच युनियन बिब्लिकल सेमिनरीची स्थापना झाली आणि १९८३ मध्ये ती संस्था पुण्यास गेली. तीस वर्षे ह्या एका गावात धर्मशास्त्राचे अध्यापन इंग्रजीतून चालत होते, तर भोवतालच्या मंडळ्यांची उपासनेची भाषा मराठी होती. आणि त्या मराठीतही पुस्तकातील भाषा एक व घरातील वऱ्हाडी दुसरी. इंग्रजी, ग्रांथिक मराठी आणि बोली अशा तीन थरांत एकाच पदाचे काय होते, हा प्रश्न तेथे केवळ तात्त्विक राहत नाही. लेखाच्या उत्तरार्धात त्याकडे वळावयाचे आहे. तत्पूर्वी पदाचे कर्ते आणि पदाची घडण ह्यांचा विचार करणे प्राप्त आहे.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, शिक्षण नाशिकचे, आणि आयुष्याला वळण मिळाले ते नागपूरकडे. नागपुरात काही काळ घालविल्यानंतर राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट ह्यांच्याशी त्यांचा संबंध आला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग त्यांनी सांभाळला, १९१७ मध्ये मिशनची वेतनी चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली, ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. तुकारामाच्या मार्गाने आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते स्वतः सांगत. ह्या सांगण्याकडे भाविकाची नम्रता म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ते एक साहित्यिक विधानही आहे, हे पुढे दिसून येईल.

मॅक्निकल हे मराठी संतवाङ्मयाचे साक्षेपी वाचक होते. ज्ञानदेव, नामदेव, तुकाराम आदी संतांच्या १०८ रचनांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९१९ साली, म्हणजे टिळकांच्या निधनाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. टिळकांचे मार्गदर्शक ॲबट ह्यांनीही पुढे १९२६ पासून महाराष्ट्रीय संतकवींची इंग्रजी ग्रंथमाला चालविली. तेव्हा ह्या पदाच्या भोवतीची मंडळी एका विशिष्ट अर्थाने समानधर्मी होती. एक जण तुकारामाकडून ख्रिस्ताकडे आला होता. उरलेले दोघे ख्रिस्ताकडून तुकारामाकडे वळले होते. भाषांतरकार मूळ पदाचाच नव्हे तर त्यामागील परंपरेचाही अभ्यासक असणे, ही गोष्ट विरळ होय.

आता घडण पाहू. इंग्रजी रूपाची कडवी ‘कॉमन मीटर’ ह्या नावाने रूढ असलेल्या चालीत आहेत. आठ, सहा, आठ, सहा अशा अवयवांच्या चार ओळी आणि दुसऱ्या-चौथ्या ओळींचे यमक, असे तिचे स्वरूप. ह्या रचनेशी मोठ्या अभंगाची तुलना उद्बोधक ठरते. मोठ्या अभंगाच्या चौकात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे असतात, आणि यमक साधते ते दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत. म्हणजे इंग्रजी कडव्यात यमक शेवट करते. अभंगात यमक शेवटाच्या आधीच होऊन जाते आणि उरलेली चार अक्षरे यमकाच्या बंधनातून मुक्त राहून निर्णय सांगतात. अभंगाच्या अखेरच्या चरणात ऐकू येणारा निवांत ठामपणा ह्या रचनेतून येतो. कॉमन मीटरमध्ये ठामपणा यमकावर अवलंबून असल्यामुळे यमक कच्चे असले की विधानही कच्चे वाटते.

दुसरा भेद उच्चाराचा आहे. इंग्रजी पद्य आघातावर चालते. मराठीत शब्दाचा अर्थ बदलविणारा आघात नाही. आणि अभंग-ओवीच्या अक्षरछंदात लघुगुरूंचा भेदही मानला जात नाही, सर्व अक्षरे सारख्याच लांबीने म्हटली जातात. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त ह्या वर्गाची जी व्यवस्था लावली आहे तिचे मर्म हेच आहे. त्यातून एक सूक्ष्म गोष्ट उद्भवते. बोलण्यात ‘देव’ शब्दातील अंत्य ‘अ’ लोपतो. अभंगात मात्र ‘देव’ ही दोन पूर्ण अक्षरे असतात आणि गाताना तो ‘अ’ पुन्हा जिवंत होतो. म्हणून इंग्रजी चालींवर बेतलेली मराठी पदे कानाला का खटकतात, ह्याचे उत्तर अभिरुचीत शोधण्याचे कारण नाही. आघाताच्या जागी निर्जीव ‘अ’ येऊन पडतो किंवा दीर्घ स्वर आखूड सुरात कोंबला जातो, हे त्याचे साधे कारण आहे. टिळकांच्या आधी कृष्णराव सांगळे ह्यांनी देशी चालींत ख्रिस्ती पदे रचून ही अडचण दूर करण्यास आरंभ केला होता. गोव्यात फादर स्टीफन्स ह्यांनी तर १६१६ मध्येच ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत छापले होते. परंतु पुराण कथा सांगते. पद संबोधन करते. देशी छंदात ख्रिस्ताला प्रत्यक्ष ‘तू’ म्हणण्याची भाषा घडविणे हे निराळे कार्य होते, आणि ते टिळकांच्या हातून पूर्णत्वास गेले.

पदाच्या आरंभीची कल्पना अशी की, वक्ता गुरूच्या शाळेत विद्यार्थी म्हणून गणला जाण्यासही अपात्र आहे, तथापि गुरूने त्याला मित्र म्हटले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो, तो आधार येथे उघड आहे. परंतु तेथील विरोध दास आणि मित्र ह्यांमधील आहे. पदातील विरोध शिष्य आणि मित्र ह्यांमधील आहे. हा बदल क्षुल्लक नव्हे. शुभवर्तमानाच्या इंग्रजी वाचकाला ‘डिसायपल’ हा शब्द केवळ धार्मिक वाटतो, त्यातील शिकण्याचा अर्थ झिजून गेला आहे. म्हणून मॅक्निकलना शाळा आणि विद्यार्थी हे शब्द मुद्दाम आणावे लागले. मराठीत ‘शिष्य’ ह्या एकाच शब्दात शिकणारा आणि शरण गेलेला हे दोन्ही अर्थ आजही एकत्र नांदतात. गुरुशिष्यसंबंध हा ज्या समाजात सर्वोच्च आध्यात्मिक संबंध मानला गेला, तेथेच ‘मी शिष्यही नव्हे’ हे वाक्य पूर्ण वजनाने उच्चारता येते.

‘सखा’ ह्या कल्पनेचीही तीच स्थिती आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून भयचकित झालेला अर्जुन, आपण ह्याला सखा म्हणून सलगीने हाक मारली, ह्याबद्दल क्षमा मागतो. तेथे मनुष्याने देवाला मित्र म्हटले, आणि ज्ञान होताच तो शब्द त्याला अपराधासारखा वाटला. टिळकांच्या पदात दिशा उलटली आहे: देवानेच मनुष्याला मित्र म्हटले आहे, आणि संकोच मनुष्याला वाटतो तो स्वतःच्या शब्दाचा नव्हे, देवाच्या शब्दाचा. गीतेचा प्रसंग कानात असलेल्या वाचकालाच ह्या उलटण्याची किंमत कळते. पदाचा आशय येथे दोन परंपरांच्या संधीवर निर्माण झाला आहे. एकीतून उचलून दुसरीत ठेवलेला नाही.

पुढील कल्पना चरणरजाची. प्रभूच्या पायांवरील धूळसुद्धा माझ्याहून भारी ठरेल, इतका मी हलका आहे, असे वक्ता म्हणतो. केवळ बायबलच्या वाचकाला ही प्रतिमा काहीशी चमत्कारिक वाटावी. शुभवर्तमानात पायांची धूळ येते ती झटकून टाकण्यासाठी. ज्या गावाने संदेश नाकारला त्या गावाची धूळ शिष्यांनी पायांवरून झाडावी, असे मत्तयाच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. तेथे ती धूळ निषेधाची खूण आहे. मराठी भाविकाची रीत नेमकी उलट. तो संतांची पायधूळ मस्तकी लावतो. शिवाय धुळीला तराजूत घालण्याची कल्पनाही येथील आहे. कृष्णाच्या तुलेत सोन्याच्या राशींना न जुमानणारे पारडे रुक्मिणीच्या एका तुळशीपत्राने हलले, ही कथा ज्याने कीर्तनात ऐकली आहे, त्याला क्षुद्र वस्तूचे वजन म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजी कडव्यात शब्द इंग्रजी आहेत. परंतु धुळीचे मोल मराठी आहे.

मध्यावर पदात पुरुषबदल होतो. आरंभी प्रभूला ‘तू’ म्हणून संबोधिले आहे; मग त्याने स्वर्गीय सिंहासन सोडून मर्त्य देह पत्करला, खिळ्यांची वेदना साहिली, हे सांगताना ‘तो’ येतो; अखेरीस पुन्हा ‘तू’. इंग्रजी रचनाशास्त्राच्या दृष्टीने हा शैथिल्याचा दोष ठरू शकेल. कीर्तनाच्या सवयीच्या कानाला त्यात काहीच वावगे वाटत नाही. कीर्तनकार देवाकडे तोंड करून विनवितो, मग श्रोत्यांकडे वळून देवाची गोष्ट सांगतो, आणि पुन्हा देवाकडे वळतो. सर्वनामांचा हा फेरा म्हणजे देहाची एक हालचाल आहे. पदातून तिची आठवण येते.

ह्याच भागात पदाची दुर्बल बाजूही दिसते. सिंहासनत्यागाच्या कडव्यात दोन प्रश्नार्थक वाक्ये केवळ यमकासाठी उलटीपालटी केलेली आहेत, आणि क्रियापदे ओळींच्या टोकाला ओढून नेली आहेत. त्यापुढील कडव्यात सहनशीलता आणि शुद्धता ह्या गुणांची जोडी आहे. तिच्यातील दुसरा गुण अर्थाच्या गरजेपेक्षा यमकाच्या गरजेने आलेला वाटतो. ही कडवी फिलिप्पैकरांस पत्रातील प्रसिद्ध वचनाच्या मागोमाग चालतात. त्यांत प्रतिमा नाही, सिद्धांत आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, जेथे पद सर्वांत अधिक पुस्तकी आहे तेथेच ते सर्वांत कमी मराठी आणि सर्वांत कमी इंग्रजीही आहे. वेषाचे रूपक खरे असते तर देशी वेष गळून पडलेल्या ह्या जागी शुद्ध आशय अधिक तेजाने प्रकट व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात येथे आशयच फिका झाला आहे.

त्यानंतरचे कडवे मात्र पदाचा कळस होय. प्रेमच मनुष्यरूप घेऊन आले, आणि त्याच्या मुखाकडे लाजेमुळे पाहवत नाही, असा त्याचा भाव आहे. लाजेचा शब्द तेथे दोनदा येतो. इंग्रजी शब्दाला एकच बाजू आहे, अपराधाची. मराठी ‘लाज’ दुहेरी आहे: लाज वाटते आणि लाज राखली जाते. पहिल्या अर्थी ती मनाची ग्लानी, दुसऱ्या अर्थी ती अब्रू. ‘माझी लाज राख’ ही मराठी भक्ताची जुनी विनवणी आहे. म्हणून शेवटच्या कडव्यात जेव्हा सांभाळण्याची याचना येते, तेव्हा इंग्रजी वाचकाला तो नवा विषय वाटतो. मराठी कानाला मात्र लाजेपासून राखण्यापर्यंतचा मार्ग सरळ आणि अटळ वाटतो.

शेवटची याचना तर्काच्या रूपात आहे: माझ्यात काही चांगले असेल तर ते तुझेच, तेव्हा मला सांभाळताना तू आपलेच सांभाळशील. ही भक्ताची वकिली आहे. देवालाच त्याच्या स्वार्थाची आठवण करून देऊन पेचात धरण्याची ही लकब नामदेव-तुकारामांच्या वाचकाला परिचित आहे. आरंभी जो शिष्य म्हणूनही बसण्यास संकोचत होता, तो अखेरीस सख्याच्या हक्काने वाद घालतो. मित्र म्हटले गेल्याचा परिणाम पदाच्या बोलण्याच्या रीतीतच घडून आला आहे, आणि तो कोठेही उच्चारून सांगितलेला नाही. पदाचे खरे यश येथे आहे.

आता उत्तरार्धातील प्रश्नाकडे वळता येईल. टिळकांची पदे कोकण-नाशिक-नगरच्या मनुष्याची. ती यवतमाळच्या मंडळीत गाइली जातात तेव्हा काय होते? वऱ्हाडी बोलणारा ‘मला’, ‘तुला’ म्हणत नाही. ‘मले’, ‘तुले’ म्हणतो. ‘माझा’ऐवजी ‘माहा’ म्हणतो. अनेकांच्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. जिल्ह्यात गोंडी, कोलामी आणि बंजारा भाषा घरी बोलणारेही पुष्कळ आहेत. अशा मंडळीत प्रमाणभाषेतील गद्य प्रार्थना वरून आलेल्या आदेशासारखी ऐकू येण्याचा धोका असतो. पदांची गोष्ट निराळी आहे, आणि तिचे कारण व्याकरणात आहे.

संतपरंपरेच्या काव्यभाषेत ‘मज’, ‘तुज’ ही रूपे आहेत. आज ती पुण्यातही कोणी बोलत नाही आणि वणी-पुसदलाही नाही. म्हणूनच ती सर्वांची आहेत. ‘मला’ म्हटले की पश्चिमेची बोली वरचढ होते, ‘मले’ म्हटले की ग्रंथाची प्रतिष्ठा सुटते. ‘मज’ म्हटले की वादच उरत नाही. शतकानुशतके गाइल्या गेलेल्या ह्या भाषेला बोलींच्या वरची, पण कोणत्याही एका बोलीची नसलेली अशी समाईक जागा मिळालेली आहे. टिळकांनी तुकारामाचा मार्ग धरला तेव्हा त्यांना छंदाबरोबर ही समाईक भाषाही मिळाली. ध्वनींच्या बाबतीतही हेच दिसते. ‘मेळा’ आणि ‘गळा’ ह्यांचे यमक वऱ्हाडी उच्चारात ‘मेया’ आणि ‘गया’ झाले तरी मोडत नाही, कारण दोन्ही शब्द एकाच नियमाने बदलतात.

शिवाय वऱ्हाड हा भक्तिगीताचा प्राचीन प्रदेश आहे. लगतच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात महदाइसेने धवळे रचले. त्याच जिल्ह्यात जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी विसाव्या शतकात खंजिरीवरील भजनांनी गावेच्या गावे जागविली. ह्या प्रदेशातील ख्रिस्ती मंडळी भजनाच्या नादाला परकी कधीच नव्हती. तिच्यासमोर देशी छंदातील पद आले तेव्हा तिला काही नवे परिधान करावे लागले नाही. ओळखीच्या वाटेने एक नवे नाव तिच्याकडे आले.

ह्यावरून निघणारा निष्कर्ष व्यवहारालाही लागू आहे. जुनी रूपे दुर्बोध झाली म्हणून ती काढून त्या जागी चालू भाषा घालावी, असा विचार पदसंग्रहांच्या संपादकांच्या मनात वेळोवेळी येतो, आणि तो सद्हेतूनेच येतो. परंतु ‘मज’च्या जागी ‘मला’ घातल्याने पद सुबोध होण्याऐवजी ते एका प्रदेशाचे होते. उलट इंग्रजी रूपाचे शब्दशः पुनर्भाषांतर करून नवे मराठी पद बनविले, तर चरणरजाची केवळ धूळ होईल आणि लाजेची केवळ शरम. प्रत्येक वेळी हानी आशयाचीच होईल.

भाषेला वस्त्र मानणाऱ्यांना हे पद असे उत्तर देते. मॅक्निकलनी शब्द बदलले, छंद बदलला, यमकाची जागा बदलली. तरी धुळीचे मोल, लाजेची दुसरी बाजू, ‘तू’कडून ‘तो’कडे आणि पुन्हा ‘तू’कडे वळणारी कीर्तनाची मान, ही सर्व इंग्रजीतही टिकून राहिली. ही गोष्ट वस्त्राची नव्हे, विचार ज्या हाडांवर उभा राहतो त्या हाडांची आहे. टिळकांनी ख्रिस्ताला मराठी वेष दिला, हे म्हणणे म्हणून अपुरे आहे. त्यांनी ख्रिस्ताविषयी मराठीत विचार केला. आणि तो विचार मराठीवाचून त्याच स्वरूपात सुचला नसता.